बोटभर जागा

४ जून

सूनबाई,

पत्राच्या वरच्या ओळीत तुला काय म्हणायचं, यातच कागद वाया गेले. पूर्वी डोळे झाकून 'चि.' लिहायचो. आता हात तिथे अडतो. ज्याला जन्मभर चिरंजीव लिहिलं तोच आमच्या आधी गेला, तेव्हापासून तो शब्द मी कुणालाच लावत नाही. तेव्हा नुसतं सूनबाई. राग मानू नकोस.

भिंगरीला न्यायला आलीस ती घोड्यावर बसूनच, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. सुट्टी संपून नात गेली आणि घर गप्प झालं. तुझी सासू अजून जेवताना तीन ताटं मांडते आणि मग एक उचलून ठेवते. मी बघतोय हे कळलं की म्हणते, नीट धुतलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच ऐकतो, म्हणून लिहितोय. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. चपलेने टाच दुखते, म्हणून चौकातल्या मोठ्या दुकानात बूट बघायला गेलो. भिंतभर बूट मांडलेत. पळायचे वेगळे, चालायचे वेगळे, नुसते मिरवायचे वेगळे. विकणाऱ्या बाईंनी एक जोड काढला, त्याचा तळ चांगला दोन बोटं जाड. म्हणाल्या, काका, याला कुशन असतं. मी म्हटलं, बाई, माझा जन्म गाद्या भरण्यात गेला, मला कुशन काय सांगता. अंगठ्याने दाबून बघितलं. माल चांगला आहे, खोटं कशाला बोलू. हलका आहे, दाबला की दबतो आणि सोडला की लगेच वर येतो. आमच्याकडचा फोम वर यायला जरा आळस करायचा.

मग किंमत ऐकली आणि बूट हळूच जागेवर ठेवला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पायासाठीच वेगळं अंथरूण, आणि ते घरातल्या अंथरुणाहून महाग. तेवढ्या पैशांत मी मोठी गादी भरून, खोळ शिवून, जिना चढून घरपोच दिली असती.

तुझ्या नवऱ्याकडे असेच जाड तळाचे बूट असायचे. मी त्याला चिडवायचो की बापाच्या गाद्या नकोत, पण पायाला गादी हवी. त्यात खरंच काही असतं का, हे मात्र कधी विचारलं नाही. तू त्याच्याबरोबर दुकानात जायचीस, तुला माहीत असेल. फार जाड तळ बरा की मध्यम? आणि मुख्य म्हणजे, पैसे वसूल होतात का? दुकानातल्या बाई म्हणाल्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवूनच घ्या. ते मला पटलं. वाढतं पाऊल आहे, उगाच चार महिन्यांत तोकडा पडायचा.

सवडीने लिही. तुझी सासू आशीर्वाद सांगते.

अप्पा

१५ जून

अप्पा, नमस्कार.

'चि.' का लिहिलं नाहीत ते वाचलं. समजलं. दिवसभर काम करताना मन त्या ओळीपाशीच जात होतं.

आधी बुटांचं सांगते. तो दुकानात नेहमी संध्याकाळी जायचा. दिवसभर वावरून पाय थोडे सुजलेले असतात, आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दोन्ही पायांत घालून दुकानभर फेऱ्या मारायचा, मधेच पळून दाखवायचा, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सगळ्यात महाग जोड त्याने कधी घेतला नाही. म्हणायचा, एका हद्दीपर्यंत पैसे पायाला मिळतात, पुढचे रंगाला. तळ फार जाड आणि फार मऊ असला तर पाऊल आत डुगडुगतं आणि घोट्याला सांभाळत बसावं लागतं. तेव्हा मध्यम बरा. आणि ते कुशन जन्माला पुरत नाही. वरून बूट नवा दिसतो, आतून बसलेला असतो. तुम्ही बसलेली गादी उसवून, पिंजून परत भरत होतात. बुटाला तो इलाज नाही.

माझं म्हणाल तर मी दातांच्या लॅबमध्ये बसून दिवसभर कवळ्या करते. कवळी कितीही देखणी झाली तरी बसली की नाही, हे तोंडच सांगतं. बुटाचंही पायालाच विचारावं लागतं.

पैसे वसूल होतात का, म्हणालात. ते बूट घ्यायला लागल्यापासून त्याचे गुडघे कधी दुखले नाहीत. शेवटपर्यंत धडधाकट होते, अप्पा. त्याच पायांनी पळता पळता तो रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि उठला नाही. त्याच्या पायाखाली होतं ते सगळं उत्तम होतं. आता वसूल झाले की नाही ते तुम्हीच ठरवा. मला तो हिशोब जमत नाही.

आता मी विचारते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं पाऊल वाढतं का? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत? भिंगरी तुमच्याकडून आली तेव्हा तिच्या दोन्ही टाचांवर फोड फुटून वाळलेले होते. विचारलं तर म्हणाली, नवी चप्पल चावली. तिच्याकडे नवी चप्पल नाही.

मी तिला पळू देत नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. बूट तिच्यासाठी असतील तर कृपा करून त्या दुकानात पुन्हा जाऊ नका.

तुमची सून

२१ जून

सूनबाई,

पकडलंस. तुझी सासू म्हणाली, खोटं लिहायचंच होतं तर आधी मला दाखवायचं, ते वाक्य मी खोडलं असतं. जन्मभर गिऱ्हाइकांना खरं सांगत आलो, त्यामुळे या कामाचा सराव नाही.

डॉक्टरांनी मला काहीही सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे मी गेलेलोच नाही. आता जसं घडलं तसं सांगतो.

त्याचे बूट आम्ही माळ्यावर ठेवलेत, तुला माहीत आहे. तू म्हणाली होतीस की तुझ्याजवळ नकोत. भिंगरीला ते सापडले. खालच्या खोलीत माझं सावरीच्या कापसाचं एक पोतं अजून पडलंय. त्यातला कापूस काढून तिने बुटांच्या पुढच्या भागात ठासला आणि बापाचे बूट पायात घालून ती रोज पहाटे मागच्या मैदानावर जायला लागली. आम्हाला सांगायची, फुलं बघायला जाते. तिचं फुलांशी कधीपासून जमलं, म्हणून मी एक दिवस मागोमाग गेलो.

सूनबाई, ती पळत होती. तिला भिंगरी हे नाव ती रांगायला लागली तेव्हा पडलं, घरभर फिरायची म्हणून. पण पायाला भिंगरी असते म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. उजवा हात किंचित बाहेर फेकते, बरोबर त्याच्यासारखा. वळणावर मान खाली घालते, तीही त्याच्यासारखी. मी झाडाआड उभा राहून रडलो, आणि घरी येऊन सांगितलं की डोळ्यात कचरा गेला.

मग एक दिवस मोजा टाचेला चिकटला. तुझ्या सासूने कोमट पाण्यात पाय बुडवून तो सोडवला. भिंगरी हुं की चूं करत नव्हती. फक्त एवढं म्हणाली, "आजोबा, आईला सांगू नका. आई मला पळू देत नाही, आणि का ते सांगतही नाही." मी शब्द दिला. दिलेला शब्द आता मोडतोय, हेही तिला सांग.

आणखी एक. तिने शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव दिलंय, सप्टेंबरात आहे. तुझ्याकडे ती कोणत्या तोंडाने बूट मागणार, म्हणून मी मधे पडलो. शाळेच्या पातळ तळाच्या बुटात पळली तर पाय मोडून घेईल. बापाच्या बुटात पळली तर टाचा सोलून घेईल. बूट नसले तरी ती पळणारच आहे. मग निदान धड बूट तरी असू देत, इतकाच माझा विचार होता.

तुझं दुःख मला कळतं. पण पोरीने काय केलंय? आमच्या घरात कुणी कुणाची गादी चालवणार नाही, असंच मी धरून चाललो होतो. आता बापाची गादी लेक चालवतेय. तिला अडवू नकोस.

अप्पा

२ जुलै

अप्पा,

लगेच लिहिलं असतं तर ते पाठवण्याच्या लायकीचं झालं नसतं, म्हणून थांबले.

गादी चालवतेय, म्हणालात. तुमच्या मुलाने तुमची गादी चालवली नाही म्हणून तुम्ही त्याला चिडवत होतात, तो हसायचा, मीही हसायचे. पण ही कसली गादी? हिच्यावर माझा नवरा गेला. तिच्यावर आता माझी मुलगी बसवायची आणि आपण लांबून कौतुक करायचं? तुम्ही झाडाआडून तिचा हात बघितलात, मान बघितलीत. मी असते तर ती धापा किती टाकतेय ते बघितलं असतं.

मी शाळेत जाऊन तिचं नाव काढून टाकलं. तिला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. दप्तर खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायलाही उठली नाही.

आई का ते सांगत नाही, असं ती म्हणाली. तिचं खरं आहे. मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता सांगते, आणि आईंना जवळ बसवून वाचा.

तो गेला त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही आईंना धरून बाकावर बसला होतात. डॉक्टरांनी मला दारापाशी बोलावलं. म्हणाले, त्याच्या हृदयाची भिंत जाड झालेली होती. बाहेरून काही दिसत नाही, माणूस ठणठणीत वाटतो, आणि एखाद्या दिवशी पळताना हृदयाचा ताल बिघडतो. म्हणाले, हे रक्तातून येतं, बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून. मुलीत उतरलं असण्याची शक्यता निम्मी. तिला तपासून घ्या आणि त्याच्या आईवडिलांनाही सांगा.

मी दोन्ही केलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर कुणाकडून आलं याचा शोध घरात सुरू झाला असता. ज्यांचा मुलगा गेलाय त्यांच्या डोक्यावर आणखी हे ओझं कशाला, असं वाटलं. आणि भिंगरीला नेलं नाही, कारण मला भीती वाटते. तपासलं नाही तोवर ती निम्मी तरी बरी आहे. तपासलं आणि 'आहे' म्हणाले, तर मी काय करू? म्हणून सोपी वाट काढली. पळायचंच नाही, विषय संपला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी दोन वर्षं काढली.

तुमच्या पत्रापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ती रोज पहाटे पळत होती, बापाच्या बुटात कापूस ठासून, त्या निम्म्या शक्यतेवर. आणि तुम्हाला बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. काही झालं असतं तर तुम्ही स्वतःला दोष दिला असता, आणि दोषी मी असते.

बूट नकोत, अप्पा. सध्या काहीच नको.

तुमची सून

२४ जुलै

पोरी,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. अक्षर बघून हसू नकोस. यांच्या हातून लिहून होत नाहीये म्हणून मी बसले.

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, घडी करून खिशात घातलं आणि खालच्या खोलीत जाऊन पोत्यांजवळ बसून राहिले. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. विचारलं कुठे, तर म्हणतात, टाच दाखवून येतो. मी म्हटलं, चला, माझीही टाच दुखतेय.

मोठ्या दवाखान्यात गेलो. छातीला काहीतरी थंडगार चोपडतात आणि वर यंत्र फिरवतात, पडद्यावर हृदय हलताना दिसतं. आधी माझं झालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, छान आहे. मी म्हटलं, यांच्याबरोबर एवढा संसार करून छान राहिलंय म्हणजे मजबूतच असणार. तेवढंच हसलो आम्ही त्या दिवशी.

मग यांचं. डॉक्टर पडद्याजवळ सरकले. यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी नेत होते. मला तेव्हाच कळलं. भिंत जाड आहे, पोरी. यांची आहे. जन्मभर बसून टाके घालण्याचं काम, कधी बस पकडायलासुद्धा धावले नाहीत, म्हणून आजवर कळलं नाही. यांनी विचारलं, किती जाड? डॉक्टरांनी दोन बोटांत धरून दाखवलं. हे म्हणाले, जाड ते चांगलं, असं मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो.

घरी आल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गादी माझ्याकडूनच गेली."

मी उभीच होते. मी म्हटलं, "नाक तुमच्याकडूनच गेलं होतं. हसणं तुमच्याकडूनच गेलं होतं. ते देताना तुम्हाला कुणी विचारलं होतं? मग हेही विचारून दिलेलं नाही." मग मी त्यांच्याजवळ बसले. दोघंही पोटभर रडलो. तो गेला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर रडायचं राहून गेलं होतं, तेही रडून घेतलं.

तुला ज्या शोधाची भीती होती तो लागला बघ. आणि आम्ही अजून एका ताटावर बसून भांडतोय. तेव्हा आमच्यापायी काही लपवायचं कारण आता उरलं नाही.

भिंगरीला ने. मी सासू म्हणून सांगत नाहीये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ पोरीच्या छातीत आहे, ती झाकून चालायचं नाही. एकटी जाऊ नकोस, कळव, आम्ही येतो.

यांना गोळ्या दिल्यात आणि रोज सपाट रस्त्यावर हळू चालायला सांगितलंय. खोटं लिहिलं होतं ना तुला, ते खरं झालं.

तुझी सासू

१९ ऑगस्ट

अप्पा, आई, दोघांना नमस्कार.

कळवलं नाही. आम्ही दोघीच जाऊन आलो. तुम्ही बरोबर असतात तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते, आणि मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

आदल्या दिवशी तिला सगळं सांगितलं. बाबाचं सांगितलं, अप्पांचं सांगितलं, मी दोन वर्षं का गप्प होते तेही सांगितलं. ती ऐकत होती. बाबाला हे माहीत होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. मग बराच वेळ माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आहे, अप्पा. तिलाही आहे. अजून थोडंच आहे, पण आहे. डॉक्टर मवाळ होते. म्हणाले, शर्यत नाही, जोरात पळणं नाही, दर वर्षी तपासायचं, लागल्या तर पुढे गोळ्या, आणि वेळ आली तर आणखीही इलाज आहेत. शाळा, नोकरी, संसार, म्हातारपण, सगळं करायचं. वेळेवर कळलं हे मोठं काम झालं, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. मी नुसती मान हलवत होते. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं आहे. जमीन तिथेच असते, आपल्याला उभं राहायचं कसं ते आठवत नाही.

बाहेर आलो. पायऱ्यांवर ती थांबली आणि म्हणाली, "पळायचं नाही, ते कळलं. चालायचं कुठपर्यंत, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मला तिथेच सोडून एकटी परत आत गेली, पुढच्या पेशंटला थांबवून विचारून आली. चालता चालता बोलता येईल इतक्या वेगाने, हवं तितकं. दमायला झालं, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि सांगायचं. आपली भिंगरी गप्प बसून चालणारी नाही, त्यामुळे वेगाचं तेवढं जमेल.

सगळं गोड झालं असं लिहीत नाही. शर्यतीच्या मुली मैदानावर दिसल्या की ती मान वळवते. माझ्यावर चिडते, दार आपटते. तिने एकदा विचारलं की बाबाला कुणी आधी सांगितलं असतं तर तो थांबला असता का. मी म्हटलं, भांडला असता, मग थांबला असता. मला तसं वाटतं. तुम्हालाही वाटतं का, ते तिला लिहा.

अप्पा, तुम्ही विचारलं होतं की पैसे वसूल होतात का. तेव्हा मला हिशोब जमला नव्हता. आता जमला. तुम्ही ते बूट घेतलेसुद्धा नाहीत, नुसती किंमत विचारलीत, आणि माझी मुलगी वाचली.

पार्सल सांभाळून उघडा. आत भिंगरीची पावलं आहेत, प्लॅस्टरची. दातांच्या ठशाचं मिश्रण टबात कालवलं, तिला त्यात उभी केली आणि ती बाहेर आल्यावर ठशांत प्लॅस्टर ओतलं. आमच्या लॅबचे मालक बघत राहिले, म्हणाले, इतकी मोठी कवळी कुणाची? तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. ठसे संध्याकाळी घेतलेत, पाय सुजलेले असताना, त्याच्या पद्धतीने.

त्या दुकानात जा, अप्पा. आता मीच सांगते.

तुमची सून

६ सप्टेंबर

चि. सूनबाई,

वरची ओळ पुन्हा एकदा वाच. हात अडला नाही. चि. भिंगरीला वेगळं पत्र याच पाकिटात आहे, ते तू उघडू नकोस. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. थांबला असता, हेच लिहिलंय. मला ते लिहायला फार वेळ लागला.

पार्सल उघडलं तेव्हा तुझी सासू शेजारी होती. पावलं टेबलावर मांडली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, त्याचं होतं तसं. मी माझी चप्पल काढून बघितलं, माझंही तसंच. इतकी वर्षं स्वतःच्या पायाकडे कधी बघितलंच नव्हतं. तुझी सासू पावलांवरची पांढरी पूड पदराने पुसत राहिली.

मग माळ्यावरून त्याचे बूट काढले. भिंगरीने ठासलेला कापूस अजून आत होता, त्याला रक्ताचा डाग होता. कापूस काढून टाकला, बूट पुसले. तळ अंगठ्याने दाबून बघितला. बसलाय, सूनबाई. दाबला तर दबून राहतो, वर येत नाही. माझ्याकडे अशी गादी कुणी आणली असती तर म्हटलं असतं, उसवून परत भरून देतो. हे भरता येणार नाही. ते मला माहीत होतं, पण त्या दिवशी हाताला कळलं. बूट परत माळ्यावर ठेवलेत, नीट कागदात गुंडाळून.

संध्याकाळी पिशवीत पावलं घालून दुकानात गेलो. त्याच बाई होत्या. मी टेबलावर प्लॅस्टरची पावलं ठेवली तेव्हा आधी दचकल्या. नातीची आहेत म्हटल्यावर मात्र खाली बसून एकेक बूट त्या पावलांना घालून बघायला लागल्या. पळायचे दाखवले. मी म्हटलं, चालायचे. सगळ्यात जाड तळाचा जोड बाजूला ठेवला. फार मऊ गादीवर कंबर धरते हे मला ठाऊक होतं, फार मऊ बुटात पाऊल डुगडुगतं हे तू सांगितलं होतंस. मधला घेतला. टाच घट्ट धरतो, पुढे बोटं मोकळी राहतात, दाबला की वर येतो. तसलाच एक जोड मला घेतला. किंमत त्यांनी सांगितली, ती मला ऐकू आली नाही. कान खराब असल्याचा तेवढा एक फायदा.

माझा जोड घालून मी रोज मागच्या मैदानाला फेरी घालतो. तुझी सासू बरोबर येते आणि सारखी बोलायला लावते, डॉक्टरांनी सांगितलेला वेग राखायला. मी उत्तर द्यायला कंटाळलो की म्हणते, धाप लागली का? त्यामुळे लग्नानंतर इतकं कधी बोललो नव्हतो तितकं बोलतोय. पहिले दोन दिवस त्या झाडापाशी आलं की मला पाऊल उचलवत नव्हतं. आता तिथे थोडं थांबतो आणि पुढे जातो.

सुट्टीत तिला घेऊन ये, आणि या वेळी घोड्यावर बसून येऊ नकोस. चौघं फेरी घालू. मैदान मोठं आहे आणि घाई कुणालाच नाही.

बूट आज पाठवतोय. दुकानातल्या बाई म्हणाल्या, साच्याला बरोबर बसणारा याहून एक नंबर लहानही आहे, जरा स्वस्त पडेल. मी म्हटलं, नको, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू दे. वाढतं पाऊल आहे.

तुझे अप्पा